चढावर बंद पडणारी ई-सायकल: बॅटरी 48 व्होल्टची करावी का?

कोथरूडकर (प्रश्न)

नमस्कार. माझ्या जुन्या गिअरच्या सायकलीला मागील चाकात 250 वॉटची हब मोटर आणि 36 व्होल्ट, 10 अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी बसवून घेऊन साधारण तीन वर्षे झाली. सपाट रस्त्यावर काहीच तक्रार नाही. मात्र कामावर बावधनला जाताना चांदणी चौकाच्या चढावर मोटर तापते आणि बॅटरी निम्मी शिल्लक दिसत असतानाही वीज अचानक तुटते. बंद-चालू केले की ती पुन्हा सुरू होते. दुकानदार 48 व्होल्टची बॅटरी घ्या म्हणतात. कंट्रोलर (बॅटरीतून मोटरला जाणारी वीज नियंत्रित करणारा भाग) तोच चालेल, असेही त्यांचे म्हणणे आहे. हा खर्च करावा का? शिवाय पावसाळ्यात सायकल वापरताना कोणती काळजी घ्यावी?

तारजोड

कंट्रोलर न बदलता 48 व्होल्ट जोडू नका. 36 व्होल्टच्या बॅटरीत दहा सेल एकापुढे एक जोडलेले असतात आणि पूर्ण भरल्यावर ती 42 व्होल्ट दाखवते. 48 व्होल्टच्या बॅटरीत असे तेरा सेल असून ती 54.6 व्होल्टपर्यंत जाते. छोट्या कंट्रोलरमधले कपॅसिटर पुष्कळदा 50 व्होल्टपर्यंतचेच असतात, त्यामुळे नवी बॅटरी भरून जोडताक्षणी कंट्रोलर जळण्याची शक्यता राहते. दुकानदाराने कंट्रोलर उघडून कपॅसिटरवरचा आकडा वाचला होता का, एवढे त्यांना अवश्य विचारा.

दुसरी बाजू कायद्याची. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पेडल मारताना साहाय्य करणाऱ्या मोटरची तीस मिनिटांची शक्ती 250 वॉटपेक्षा कमी असेल आणि ताशी 25 किलोमीटरला तिचे साहाय्य थांबत असेल, तरच त्या सायकलीला मोटार वाहन मानले जात नाही. व्होल्टेज वाढवले की त्याच प्रमाणात वेगही वाढतो आणि आपली सायकल या सवलतीबाहेर जाऊ शकते.

मुळात आपले वर्णन वाचून मला मोटरपेक्षा बॅटरीचाच संशय येतो. सेल जुने झाले की त्यांचा अंतर्गत रोध वाढतो, चढावर जास्त प्रवाह ओढला जाताच व्होल्टेज एकदम खाली बसते आणि साधारण 30 व्होल्टच्या आसपास बीएमएस (बॅटरीतले संरक्षक सर्किट) पुरवठा तोडते. भार हटला की व्होल्टेज वर येते, म्हणूनच सायकल पुन्हा सुरू होते. डिस्प्लेवर व्होल्टेज दिसत असल्यास चढाआधीचा आणि चढावरचा आकडा कळवावा.

पेडलप्रेमी

मोटर तापण्याचे कारण मात्र वेगळे आहे आणि ते थोडेसे चालवण्याच्या पद्धतीत आहे. सायकलीसह एकूण वजन 100 किलो आणि चढ पाच टक्के धरला, तर ताशी 15 किलोमीटरने चढताना केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे 205 वॉट लागतात. टायर आणि हवेचा रोध त्यात मिळवला की हिशेब 250 वॉटच्या घरात जातो. यातले 100 वॉट आपल्या पायांनी दिले तर मोटरचे काम सोपे होते. पाय स्वस्थ ठेवून नुसते थ्रॉटल पिळले तर वेग 8-10 वर येतो, आणि हब मोटर जितकी सावकाश फिरते तितका विजेचा मोठा वाटा गतीऐवजी उष्णतेत जातो. सायकलीचे गिअर हब मोटरला काहीच मदत करत नाहीत, ते फक्त आपल्या पायांसाठी असतात (ही गोष्ट विक्रेते क्वचितच सांगतात). म्हणून चढ लागण्यापूर्वीच हलका गिअर टाकून पेडल वेगाने फिरवावेत. रांगत्या वेगात 48 व्होल्टने मोटर थंड राहणार नाही, उलट अधिक तापेल.

कोथरूडकर

सविस्तर उत्तरांबद्दल आभार. हलक्या गिअरमध्ये पेडल मारत गेल्यावर मोटर हाताला कोमटच लागली. डिस्प्लेवर चढाआधी 37.8 आणि चढावर 31 दिसले.

तारजोड

जवळजवळ सात व्होल्टची घसरण फार झाली. तरीही लगेच बॅटरी विकत घेऊ नका. आधी चढ संपताच बॅटरी आणि कंट्रोलर यांमधला कनेक्टर हाताने चाचपून पाहा. तो गरम असेल किंवा त्याचे प्लास्टिक पिवळे पडले असेल, तर दोष तिथे असू शकतो आणि काम स्वस्तात भागेल. तो थंड असल्यास 36 व्होल्टचीच, पण 13-14 अँपिअर-तासांची बॅटरी घ्यावी, कारण समांतर सेल वाढले की प्रत्येकावरचा भार कमी होतो. जुनी बॅटरी उघडून त्यातले दोन-चार सेल बदलून घेण्याच्या फंदात पडू नये. नवे-जुने सेल एकत्र नीट चालत नाहीत.

पावसाचे म्हणाल तर सरी सोसतात, पण प्रेशरने धुणे नाही. मोटरची वायर ॲक्सलमधून जिथे आत शिरते, तिथे ती आधी खाली झोळासारखी वळवून मग वर न्यावी, म्हणजे पाणी वायरवरून आत न जाता झोळातून गळून पडते. भिजलेली बॅटरी पूर्ण कोरडी झाल्याशिवाय चार्जिंगला लावू नये. आणि चिखलात ब्रेक पॅड लवकर झिजतात. मोटरच्या जादा वजनामुळे तर अधिकच, तेव्हा पावसाळ्यात ते वरचेवर पाहावेत.