वाढत्या पाठींना (शेळीच्या मादी करडांना) सुबाभूळ आणि लसूणघास किती द्यावा?

बांधावरचा_पाला: संगमनेरी पाठी, साडेचार महिन्यांच्या, वजन 14-15 किलो. सध्या कडबा कुट्टी आणि प्रत्येकी 200 ग्रॅम खुराक चालू आहे. बांधावर सुबाभूळ भरपूर आहे, लसूणघास कापणीला आलाय. खुराक बंद करून पाल्यावर भागेल का? आणि सकाळी लसूणघास टाकला की काहींची डावी कूस फुगते, ते का?

गव्हाण_हिशेब: खुराक बंद नको, निम्मा करा. हिशेब ओल्या वजनावर करू नका. 15 किलोची पाठ रोज वजनाच्या साधारण 4 टक्के, म्हणजे 600 ग्रॅम शुष्क पदार्थ (चाऱ्यातलं पाणी वगळून उरतं ते) खाते. लसूणघासात 80 टक्के पाणीच असतं. 1 किलो हिरव्यातून 200 ग्रॅम शुष्क पदार्थ आणि 35 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. सोबत 100 ग्रॅम खुराक, 150 ग्रॅम भुईमुगाचा वाळलेला पाला आणि 200 ग्रॅम कडबा कुट्टी द्या. खुराकातली पेंड कमी करा, मका भरडा वाढवा. पाल्यातून प्रथिनं येतात, पण ती अंगी लागायला कोठीपोटातल्या (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटातल्या) जिवाणूंना ऊर्जा लागते. ती नसेल तर महागामोलाचं प्रथिन लघवीवाटे वाया जातं.

कोवळा_चारा: फुगण्याचं कारण दव आणि उपाशी पोट. कोवळ्या लसूणघासाचा पोटात फेस होतो आणि वायू त्यातच अडकतो. घास आदल्या संध्याकाळी कापा, पातळ पसरून सुकवा. ढीग लावला तर तो तापतो. सकाळी आधी कडबा, तासाभराने घास. कूस फुगलीच तर पाठीला उभी ठेवून, पुढचे पाय उंचावर घेऊन, 25-30 मिली गोडेतेल हळूहळू पाजा. तोंड फार वर उचलू नका, तेल श्वासनलिकेत जातं. श्वास लागत असेल तर वाट न पाहता डॉक्टरांना बोलवा.

सुबाभूळ_शेवरी: सुबाभळीत मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, कोवळ्या शेंड्यांत आणि बियांत सर्वात जास्त. ते पचवणारा जिवाणू हवाईतल्या शेळ्यांच्या कोठीपोटात सापडला, पण आपल्या कळपात तो असेलच असं धरून चालू नका. सुबाभूळ एकूण शुष्क आहाराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आतच ठेवा. वरच्या 1 किलो लसूणघासाऐवजी 500 ग्रॅम लसूणघास आणि 300 ग्रॅम सुबाभूळ ही जोडी या वजनाला चांगली. केस गळणं, लाळ, गळ्याखाली गाठ दिसली की सुबाभूळ थांबवा. बदल 10-12 दिवसांत, थोडा थोडा करा. आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होण्याच्या रोगाची) लस आणि तिचा बूस्टर झालाय ना, तेही पाहा. सकस चारा एकदम वाढला की हा रोग डोकं वर काढतो.

बांधावरचा_पाला: शेवरी चालेल? आणि गणित बसलंय हे कसं ओळखायचं?

गव्हाण_हिशेब: शेवरी उत्तम, तिच्यात मिमोसिन नाही. दर 15 दिवसांनी सकाळी चारा टाकण्याआधी वजन करा. पंधरवड्यात किलोभर वाढ हवी. लेंड्या पातळ झाल्या तर आधी पाला कमी करा, कडबा नाही.