मॉरिसविलच्या वाढत्या आकड्यांवर एवढं खूश व्हायचं कारण आहे का?

ट्रँगलवासी
नॉर्थ कॅरोलिनातलं मॉरिसविल. केरी, डरहॅम आणि विमानतळाच्या मधे अंग चोरून बसलेलं छोटं गाव, 1852 साली जेरेमाया मॉरिस नावाच्या माणसानं रेल्वेला जमीन दिली त्यावरून हे नाव पडलं. 2000 च्या जनगणनेत लोकसंख्या 5,208. 2010 ला 18,576. 2020 ला 29,630. आणि त्यात एशियन निम्म्याच्या जवळपास, त्यातही बहुतेक आपले भारतीयच. हे आकडे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरले की सगळे थम्स-अप टाकतात. मला मात्र काळजी वाटते. बाजूच्या रिसर्च ट्रँगल पार्क या कंपन्यांच्या वसाहतीतल्या आयबीएम, सिस्को, इथलीच लेनोव्हो, अशा नोकऱ्यांच्या जोरावर ही भरती झालीये, आणि त्यातले किती जण अजून एच-वनवर, म्हणजे नोकरीशी बांधलेल्या व्हिसावर आहेत ते आजूबाजूला बघा. नोकरी गेली की 60 दिवस हातात, तेवढ्यात दुसरी मिळाली नाही तर घर, मुलांची शाळा सगळं सोडून निघा. ज्या गावातली एवढी माणसं दोन महिन्यांच्या नोटिशीवर राहतात त्या गावाला वाढलं म्हणायचं का? माझ्या मते नाही, ते फक्त भरलंय.

सातारकर
अजिबात पटलं नाही. दादा, तुम्ही चर्च स्ट्रीट पार्कला शनिवारी सकाळी गेलायत का कधी? बाउंड्रीबाहेर फोल्डिंगच्या खुर्च्या, डब्यात पोहे, आजोबा नातवाला ओरडून सांगतायत की बॅट सरळ ठेव. त्याच मैदानावर 2023 ला मेजर लीग क्रिकेट या अमेरिकेतल्या टी-20 लीगच्या पहिल्या सीझनच्या मॅचेस झाल्या. उठून जायच्या तयारीत असलेली माणसं असं काही उभं करत नाहीत. स्टीव्ह राव, सतीश गरिमेला ही माणसं टाउन कौन्सिलवर निवडून आली, ती काय नुसत्या भारतीय मतांवर? शेजारच्या गोऱ्या-काळ्या लोकांनीही मतं दिली म्हणूनच ना.

ट्रँगलवासी
निवडून आले त्याचा मला आनंदच आहे हो. पण मत फक्त सिटिझनला आहे. रोजगारावर मिळणारी ग्रीनकार्डं वर्षाला साधारण 1,40,000, एका देशाला साधारण 7 टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे आपली रांग इतकी लांब की 2010 च्या सुमारास आलेला माणूसही अजून थांबलेला दिसतो. म्हणजे जनगणनेत तो मोजला जातो, प्रॉपर्टी टॅक्स भरतो, आणि गावाचं काय करायचं हे ठरवायला त्याला मत नाही.

आकडेमोड
इथे दोघांचंही एक सुटतंय. मोजलं जाणं म्हणजे काहीच नाही असं समजू नका. रस्त्यांसाठी राज्य जे पॉवेल बिलचे पैसे गावांना वाटतं त्यातला 75 टक्के हिस्सा लोकसंख्येवर ठरतो आणि 25 टक्के रस्त्यांच्या लांबीवर. त्या लोकसंख्येत व्हिसावाला, सिटिझन, काल जन्मलेलं बाळ सगळे सारखेच. तेव्हा एच-वनवाल्या कुटुंबानं जनगणनेचा फॉर्म भरला नाही तर नुकसान सगळ्या गावाचं. दुसरं म्हणजे ही वाढ अशीच चालू राहणार हे गृहीत धरू नका, 2000 ते 2010 मधे गाव साडेतीन पट झालं, पुढच्या दहा वर्षांत 60 टक्क्यांनी वाढलं, टक्केवारी उतरणीलाच आहे. आणि जागा कुठंय? एका बाजूला विमानतळ, एका बाजूला रिसर्च पार्क, उरलेल्या बाजूंनी केरी आणि डरहॅम. केरीसारखं हातपाय पसरायला इथे वाव नाही, आता वाढलं तर उंचीत, म्हणजे अपार्टमेंटमधे. विमानाच्या आवाजाच्या पट्ट्यात तर घरं बांधण्यावरही बंधनं आहेत.

नवखी_आई
मला लोकसंख्या कळते ती शाळेवरून. आम्ही घर घेताना नकाशावर शाळा बघितली, चालत जाण्याइतकी जवळ, आणि नंतर कळलं की ती कॅप झालीय म्हणजे नवीन पत्त्यावरच्या मुलांना तिथे प्रवेश नाही, बसनं दुसरीकडे जा. मुलीची वर्गातली मैत्रीण समोरच्याच घरात राहायला आली की लगेच शाळा वेगळी, का तर ती आमच्यानंतर आली. सकाळी 54 नंबरच्या रस्त्यालगतच्या रुळांवर मालगाडी आडवी आली की फाटकापाशी जी गाड्यांची रांग लागते त्यात अर्ध्या गाड्यांत कुर्त्यातले आजी-आजोबा बसलेले असतात, आणि त्या रुळांवरून जाणारी अ‍ॅमट्रॅकची प्रवासी गाडी आपल्या गावात थांबतसुद्धा नाही. ट्रँगलवासी म्हणतात ते मला पटतं, गाव भरलंय. पण मला त्याहून जास्त राग याचा येतो की रिझोनिंगच्या, म्हणजे कुठल्या जागेवर काय बांधायचं हे बदलण्याच्या सुनावणीला आपल्यातलं कोणी दिसत नाही. तिथे बोलायला सिटिझन असावं लागत नाही!

सातारकर
ताई, सुनावणीचं शंभर टक्के मान्य. गणपतीला हॉल कमी पडतो एवढी गर्दी आणि तिथे चार डोकी, हे चुकीचंच आहे. पण ट्रँगलवासी, व्हिसाचं तुमचं चित्र फक्त आईबापांचं आहे. 2005-06 ला इथे जन्मलेली पोरं जन्मानंच सिटिझन, ती आत्ता मतदार झाली. ग्रीन होप आणि पँथर क्रीक हायस्कूलला शिकलेली ही पोरं, त्यांचं गाव हेच. दहा वर्षांनी तुमचं उधारीचं गणित टिकणार नाही.

ट्रँगलवासी
उधारी हा शब्द माझा नाही, पण मुद्दा घेतो. इथे जन्मली त्यांचं ठीक. पण जी तीन-चार वर्षांची असताना पुण्याहून आली, एच-फोरवर, म्हणजे एच-वनवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर वाढली, त्यांचं 21 ला काय होतं? तोवर आईबापांचं ग्रीनकार्ड आलं नाही तर ती अवलंबित उरत नाहीत, स्टुडंट व्हिसा काढा नाहीतर परत जा. एकाच घरात धाकटी सिटिझन आणि थोरला बाहेरच्या दारात. लहान बहिणीला मत आहे आणि मोठ्या भावाला राहायची परवानगी नाही अशी घरं गावात वाढतायत, ती तुमच्या दहा वर्षांत कुठे बसवायची?

आकडेमोड
बसवायची ती मोजूनच. 1 एप्रिल 2030 ला पुढची मोजणी आहे आणि फॉर्मवर नागरिकत्व बघून आकडा ठरत नाही, त्या दिवशी जो जिथे राहतो तो तिथे. मंडळाच्या कार्यक्रमात एक टेबल आत्तापासून त्यासाठी लावायला पाहिजे, मी बसायला तयार आहे. सुनावणीच्या तारखा टाउनच्या वेबसाइटवर असतात, नवखी_आई, पुढची असेल तेव्हा इथेच टाका, मी येतो.