नुसतं बीज सोडून भागत नाही
मासेपालनाबद्दल सांगतात की बचत गटाने तलाव ठेक्याने घ्यायचा, रोहू-कटला माशांचं बीज (म्हणजे पिल्लं) सोडायचं, झाला धंदा सुरू. पण आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडचे मामा तलाव (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजार जमीनदारांच्या काळातले तलाव हो) बघा, तिथे बेशरम (बाहेरून आलेली झुडपी वनस्पती) माजली की पाण्यातल्या मूळच्या वनस्पती जातात, मग मरळ, शिंगी हे देशी मासे अंडी घालणार कुठे? अर्जुनी मोरगावकडे ढिवर (मासेमारी करणाऱ्या समाजातल्या) बायांनी गट करून ती बेशरम मुळासकट उपटली, उन्हाळ्यात तलावाचा तळ नांगरला आणि पावसाच्या तोंडावर चिखलात उभं राहून देशी पाणवनस्पती लावल्या, तेव्हा कुठे देशी मासे परतले. या माशांचं बीज दरवर्षी विकत आणावं लागत नाही, गरीब घराला हे फार मोठं आहे. आणि तलाव बहुतेक मच्छीमार सोसायटीकडे असतात, तिथे बायका सभासद फारच कमी, ते आधी बदला.