कमी दिसणाऱ्या बहिणीसाठी कॉलेजात काय मागायचं?

प्रश्न: बहीण नागपुरातच बीए करते. यूडीआयडी कार्डावर (अपंगत्वाच्या ओळखपत्रावर) अपंगत्व 75 टक्के. ऑफिसवाले म्हणतात, परीक्षेला लेखनिक (ती सांगेल ते लिहिणारा) तुम्हीच आणा, जादा वेळ मिळणार नाही. खरं काय?

उत्तर: भाऊ, तोंडी काही ऐकू नका. मी स्वतः लेखनिक घेऊनच एमए केलं. केंद्राच्या 2018 च्या सूचनांप्रमाणे तासाला किमान 20 मिनिटं जादा. लेखनिक आपला आणायचा की त्यांचा घ्यायचा, हेही त्या सूचनांत विद्यार्थ्यावर सोडलं होतं. अर्ज द्या, आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्याच. शिक्का बघितला की बाबूंचा सूर बदलतो!

उत्तर: लॅपटॉपवर एनव्हीडीए टाका, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे. त्यातला ईस्पीकचा मराठी आवाज आधी पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा वाटतो, मग सवय होते. पुस्तकांसाठी सुगम्य पुस्तकालय, म्हणजे छापील वाचता न येणाऱ्यांसाठीचं ऑनलाइन ग्रंथालय.

प्रश्नकर्ता: सोमवारीच अर्ज देतो. शिक्क्यासकट.