बाबांच्या डीटीपीच्या संगणकाचा चौकोनी मॉनिटर: दुरुस्त करावा की रुंद नवा घ्यावा? मदत हवी आहे

मंडळी, थोडं लांबण लागेल, पण अर्धवट माहितीवर कुणी काय सल्ला देणार, म्हणून सगळं लिहितो.

संगणक बाबांचा. बाबांचं वय ७२, संगणकाचं १७ च्या आसपास. पेंटियम ड्युअल कोअर, ९४५ चिपसेटचा बोर्ड, २ जीबी रॅम, विंडोज एक्सपी. इंटरनेटला जोडलेला नाही आणि जोडायचाही नाही. त्यावर पानं लावायचं पेजमेकर आणि मराठी फॉन्टचं श्री-लिपी आहे, मागच्या पॅरलल पोर्टला (जुन्या प्रिंटरच्या खाचेला) डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअर चालू व्हायला लागणारी किल्ली. बाबा साताऱ्यात घरूनच कामं घेतात: पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, लग्नपत्रिका, वाचनालयाचा अंक, मधूनच कुणाचा तरी कवितासंग्रह (हे लोक पैसे सगळ्यात उशिरा देतात).

त्यामुळे "भंगारात द्या आणि लॅपटॉप घ्या" हा सल्ला कृपया नको. इतक्या वर्षांच्या फाइली युनिकोडमध्ये नाहीत. फॉन्ट नसलेल्या मशिनवर उघडल्या की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. नव्या बोर्डांना पॅरलल पोर्ट नसतो. यूएसबीचं जे कन्व्हर्टर मिळतं ते प्रिंटरपुरतं, त्यावर आमचा डोंगल ओळखला जात नाही. एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्येच संपला, पण जाळ्यात नसलेल्या मशिनला त्याचं सोयरसुतक नाही. थोडक्यात, डबा राहणार. प्रश्न फक्त स्क्रीनचा आहे.

मॉनिटर १७ इंची, चौकोनी, १२८० बाय १०२४ पिक्सेल, जोडणी फक्त जुनी व्हीजीए. गेल्या हिवाळ्यापासून सकाळी चालू केला की चित्र एकदोनदा लुकलुकून मग स्थिर व्हायचं. पहिली काही मिनिटं स्क्रीनवर लालसर झाक असायची, पांढरं पान गुलाबी दिसायचं. आता चालू केल्यावर सेकंद-दोन सेकंद चित्र येतं आणि गडप होतं. बटणावरचा दिवा मात्र हिरवाच राहतो. खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च तिरका धरला तर काळ्या काचेत डेस्कटॉपवरची चिन्हं पुसट दिसतात, माउस हलवला की बाणही हलतो. म्हणजे चित्र तयार होतंय, मागचा उजेड तेवढा बंद पडतोय. भाच्याचा मॉनिटर या संगणकाला लावला तर सगळं ठीक, आणि माझा लॅपटॉप या मॉनिटरला जोडला तर तोच तमाशा. त्यामुळे केबल, बोर्ड यांच्यावर संशय उरलेला नाही.

गावातल्या पहिल्या दुकानदाराने न उघडताच "पॅनल गेलं" म्हणून निकाल दिला आणि नवीन मॉनिटरचं कोटेशन हातात ठेवलं. दुसऱ्याने निदान मागचं झाकण काढलं. पॉवर सप्लाय आणि इन्व्हर्टर (स्क्रीनमागच्या उजेडाची ट्यूब पेटवणारा भाग) एकाच बोर्डवर आहेत. त्यावर ओळीने चार कंडेन्सर. दोघांची डोकी सपाट, दोघांची घुमटासारखी फुगलेली, आणि त्यातल्या एकाच्या खाचेतून तपकिरी काहीतरी बाहेर येऊन वाळलेलं. म्हणाला, "हे चारही बदलून देतो, ६०० रुपये. पण ट्यूबची गॅरंटी नाही."

माझं घोडं इथेच अडलंय. लुकलुकणं आणि थंडीत जास्त त्रास हे कंडेन्सरचं लक्षण, हे मला पटतं. पण ती लालसर झाक? सीसीएफएल ट्यूब (हीच ती मागच्या उजेडाची) म्हातारी झाली की अशी झाक येते असं वाचलंय, आणि ट्यूब नीट पेटली नाही तर इन्व्हर्टर स्वतःला वाचवायला बंद पडतो. मग कंडेन्सर बदलूनही दोन महिन्यांत पुन्हा अंधार व्हायचा. ट्यूब काढून एलईडीची पट्टी बसवायचे कीट पुण्यात बुधवार पेठेत मिळतात, पण त्यासाठी पॅनल पूर्ण सोडवावं लागतं. मागच्या पातळ शीट्समध्ये एक कण धूळ गेली की तो डाग कायमचा पांढऱ्या पानावर. डीटीपीवाल्याला तो डाग अनुस्वार वाटणार.

कंडेन्सर स्वतः बदलायचा विचार मी सोडला. मेन्सच्या बाजूचा मोठा कंडेन्सर प्लग काढल्यावरही चार्ज धरून बसतो, आणि ट्यूबच्या बाजूला हजाराच्या घरात व्होल्ट असतात.

नवीन घ्यायचा तर बाबांची अट एकच: "पान उभं दिसलं पाहिजे." म्हणून टेप घेऊन बसलो. आत्ताच्या स्क्रीनची उंची २७ सेंमी. साडेअठरा इंची रुंद मॉनिटर फक्त २३ सेंमी भरतो, तो बाद. साडेएकवीस इंची जवळजवळ २७, पण त्याचे पिक्सेल बारीक, म्हणजे एक्सपीतले मेनू आणखी छोटे दिसणार आणि बाबा चष्मा वर-खाली करत बसणार. २४ इंचीची (खरी २३.८) उंची २९.६ सेंमी, म्हणजे ए-४ पान जवळपास खऱ्या आकारात, आणि अक्षरंही किंचित मोठी. माझा कौल त्याला आहे. दुकानात किंमत साडेसात हजार सांगितली. जुना चौकोनी सेकंडहॅन्ड १२०० ला मिळतोय, पण त्यातही त्याच वयाची ट्यूब असणार, मग आपलीच काय वाईट?

तर जाणकारांना विचारायचंय:

९४५ च्या ऑनबोर्ड ग्राफिक्सवर एक्सपीमध्ये व्हीजीएवरून १९२० बाय १०८० कुणी प्रत्यक्ष चालवलंय का? ड्रायव्हरच्या यादीत हा पर्याय आपोआप येतो की खटपट करावी लागते? नाही जमलं तर चित्र आडवं ताणलं जाईल, आणि पत्रिकेवरचा गणपती आधीच लंबोदर आहे.

रुंद मॉनिटरच्या मेनूत चौकोनी चित्र दोन्ही बाजूंना काळी पट्टी ठेवून दाखवायची सोय स्वस्त मॉडेलमध्ये असते का? दुकानदाराला हा प्रश्नच कळला नाही.

लालसर झाक असतानाही नुसते कंडेन्सर बदलून कुणाचा मॉनिटर पुढे वर्षभर तरी चालला का?

मला स्वतःला वाटतंय की आधी ६०० घालवून बघावेत, चालला तर चौकोनी तूर्त वापरावा, आणि साडेसात हजारातला काही भाग आधी हार्डडिस्कची नक्कल करून ठेवण्यावर खर्च करावा. ८० जीबीची ती डिस्क मॉनिटरइतकीच जुनी आहे, आणि तिची नक्कल आजवर कुणी केलेली नाही. बाबांचं म्हणणं उलट: डिस्क चालतेय तिला हात लावू नका, स्क्रीन तेवढी आणा.

एका पतसंस्थेचा अहवाल सभेच्या आधी छापायला जायचाय, अजून ताळेबंदाची पानं लावायची आहेत. सध्या भाच्याच्या मॉनिटरवर चाललंय, पण त्याला तो शनिवारी परत हवाय. त्यामुळे उत्तरं जरा लवकर आली तर बरं. बोर्डाचा फोटो हवा असेल तर सांगा, संध्याकाळी टाकतो.