मदत हवी आहे: शटडाऊनमध्ये सॅम नोंदणीचं नूतनीकरण अडकलंय, ६ नोव्हेंबरला मुदत संपतेय

सावनी_मेरीलँड | १६ ऑक्टोबर २०२५

नमस्कार मंडळी,

वॉशिंग्टनच्या आसपास राहणारे आणि केंद्र सरकारची कामं घेणारे इथे बरेच आहेत, म्हणून थेट विचारते.

आमची मेरीलँडमध्ये छोटी कंपनी आहे. मी, नवरा आणि पगारावर चार जण. एका केंद्रीय खात्याच्या प्रयोगशाळांच्या जुन्या वह्या स्कॅन करायच्या, त्यातले आकडे तपासून डेटाबेसमध्ये भरायचे, असं काम आहे. १ ऑक्टोबरपासून सरकार बंद आहे आणि कधी उघडेल ते कुणालाच सांगता येत नाही. २०१८-१९ मध्ये ३५ दिवस बंद होतं, तेव्हा आम्ही दोघं नोकरीत होतो. कंत्राटदार म्हणून हा पहिलाच प्रसंग.

मुख्य अडचण सॅमची. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सॅम डॉट गव्ह म्हणजे सरकारी कंत्राटदारांची नोंदणी जिथे होते ते संकेतस्थळ. दर ३६५ दिवसांनी नूतनीकरण करावं लागतं. नोंदणी चालू नसेल तर नवं कंत्राट मिळत नाही, आणि सरकारकडून पैसे येतात तेही तिथे नोंदवलेल्या बँक खात्यावरच.) आमची मुदत ६ नोव्हेंबरला संपते. नूतनीकरण ऑगस्टअखेरीसच सुरू केलं होतं. पण उन्हाळ्यात ऑफिसची जागा बदलली, आणि पत्ता बदलला की कंपनीची पडताळणी नव्याने होते. तिथे गाडं अडलंय. जागेच्या भाडेकरारावर 'स्वीट २०४' आहे, विजेच्या बिलावर 'युनिट २०४', आणि राज्याच्या नोंदीत नुसता इमारतीचा क्रमांक, पुढे काहीच नाही. जागा एकच, पण कागदांवर तीन वेगवेगळे पत्ते. पडताळणीचं तिकीट (सॅमच्या मदत कक्षाकडची आमच्या प्रकरणाची नोंद) उघडंच आहे.

दुसरं म्हणजे एका नव्या कामासाठी प्रस्ताव द्यायचाय, त्याची शेवटची तारीख १७ नोव्हेंबर. म्हणजे आमची मुदत संपल्यानंतर. नोंदणी तोवर झाली नाही तर प्रस्ताव बाद होणार का?

तिसरं चालू कामाचं. काम थांबवा असा आदेश आलेला नाही. आमच्या कंत्राट अधिकारी बाईंना ईमेल केला तर 'मी सध्या रजेवर आहे' असं आपोआप उत्तर येतं. निम्म्या वह्यांची खोकी खात्याच्या इमारतीत आहेत आणि ती इमारत बंद. जे स्कॅन आधीच आमच्याकडे आलेत त्यांचं काम चालू ठेवायचं का? चारही जणांना ३१ तारखेला पगार द्यायचाय, आणि त्यांना घरी बसवायची माझी अजिबात इच्छा नाही.

कुणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

---

जुना_कंत्राटदार

सावनीताई, आधी धीर धरा. ६ नोव्हेंबरपर्यंत तुमची जुनी नोंदणी चालूच आहे. नूतनीकरण अर्धवट असलं तरी जुनी नोंद मुदतीपर्यंत 'ॲक्टिव्ह'च दिसते. आजच लॉगिन करून त्या पानाची तारखेसकट पीडीएफ प्रत काढून ठेवा, पुढे उपयोगी पडते.

आता अडलंय कुठे ते बघू. टप्पे असे असतात: कंपनीची पडताळणी, मग तुम्ही माहिती भरून सबमिट करता, मग आयआरएसकडून (केंद्रीय कर खात्याकडून) कर क्रमांक जुळवला जातो, मग डीएलएकडून (संरक्षण खात्याच्या पुरवठा संस्थेकडून) केज कोड (कंत्राटदाराचा ओळख क्रमांक) तपासला जातो, आणि शेवटी नोंदणी चालू होते. सबमिट केल्यानंतरच्या टप्प्यांसाठी कामाचे किमान दहा दिवस धरा असं सॅम चालवणारी जीएसए एरवीसुद्धा सांगते. सध्या आयआरएसने ८ ऑक्टोबरपासून जवळजवळ निम्मे कर्मचारी बिनपगारी घरी पाठवलेत, त्यामुळे मी जास्तच धरेन.

तुम्ही अजून पहिल्याच टप्प्यावर आहात, आणि त्यातला बराचसा भाग तुमच्या हातात आहे. राज्याची कार्यालयं चालू आहेत, केंद्र बंद असण्याशी त्यांचा संबंध नाही. एसडॅटकडे (कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या मेरीलँडच्या खात्याकडे) मुख्य कार्यालयाचा पत्ता दुरुस्त करून घ्या. जादा शुल्क भरलं तर काम लवकर होतं, ते भराच. पण कोणता पत्ता लावायचा हे आधी पोस्टाच्या संकेतस्थळावर बघा. पोस्ट स्वतःच्या कमाईवर चालतं, ते बंद नाही. तुमचा पत्ता टाकला की पोस्टाचं प्रमाणित रूप दिसतं, बहुतेक 'एसटीई २०४' असं (एसटीई म्हणजे स्वीटचं लघुरूप). तेच रूप राज्याच्या नोंदीत, तेच सॅममध्ये, अक्षराला अक्षर. मग राज्याकडून दाखल झालेली प्रत आली की ती तिकिटाला जोडा. विजेचं बिल काढून टाका, त्याने घोळ वाढतोय. स्वतः भरलेला डब्ल्यू-९ (कर क्रमांक कळवायचा फॉर्म) पुरावा म्हणून चालत नाही, तोही जोडू नका.

आणि तिकिटावर काही विचारणा आली तर त्याच दिवशी उत्तर द्या. ठरलेल्या मुदतीत उत्तर गेलं नाही तर तिकीट बंद होतं आणि पुन्हा पहिल्यापासून रांगेत उभं राहावं लागतं.

---

निशिगंध_पुणे

विषय माझा नाही, पण अख्खं सरकार बंद कसं पडतं हे मला अजून कळलेलं नाही. आपल्याकडे अर्थसंकल्प लांबला तरी कार्यालयं चालूच असतात ना?

---

कृष्णाकाठ

निशिगंध, आपल्याकडे राज्यघटनेच्या ११६ व्या कलमात लेखानुदानाची सोय आहे. पूर्ण अर्थसंकल्प मंजूर व्हायचा असला तरी काही महिन्यांच्या खर्चाला संसद मंजुरी देते. इथे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. तोवर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, खर्चाचे कायदे किंवा निदान तात्पुरता ठराव मंजूर केला नाही, तर खात्यांना पैसा खर्च करायचा अधिकारच उरत नाही. मंजुरीशिवाय खर्च नको हा कायदा एकोणिसाव्या शतकातला, पण त्याचा अर्थ 'मग कार्यालयं बंदच करा' असा लावला तो १९८० मध्ये, तेव्हाचे ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी. त्याआधी निधीत खंड पडला तरी खाती बरीचशी चालूच राहायची.

आणि एक गोष्ट बाहेर फारशी माहीत नसते. केंद्रीय कर्मचाऱ्यांना बंद काळाचा पगार नंतर मिळावा असा कायदा २०१९ मध्ये झाला. कंत्राटदारांकडच्या माणसांना तसं काहीच संरक्षण नाही. त्याच इमारतीत साफसफाई करणारा, उपाहारगृहात काम करणारा, सावनींकडे स्कॅन करणारा, यांचा बुडालेला पगार कुणी भरून देत नाही. हे मला फार अन्यायाचं वाटतं.

---

बारामतीकर_व्हर्जिनिया

प्रस्तावाबद्दल लिहितो, कारण तिथे तुम्हाला खरा मार्ग आहे.

केंद्रीय खरेदी नियमावलीतल्या सॅम नोंदणीच्या नियमात (५२.२०४-७) नोव्हेंबर २०२४ ला बदल झाला. त्याआधी प्रस्ताव दिल्यापासून कंत्राट मिळेपर्यंत नोंदणी अखंड चालू हवी असा अर्थ लावला जायचा, आणि मधे एखादा दिवस खंड पडला म्हणून चांगल्या कंपन्या बाद व्हायच्या. आता नोंदणी दोनच वेळी चालू लागते: प्रस्ताव सादर करताना आणि कंत्राट देताना. मधल्या खंडामुळे तुम्ही बाद होत नाही.

म्हणून १७ नोव्हेंबरची वाट बघू नका. प्रस्ताव ६ नोव्हेंबरच्या आत पाठवा, आणि मी तर म्हणेन ३ तारखेलाच. तेव्हा तुमची जुनी नोंदणी चालू आहे. पोच आली की ती आणि त्या दिवशीची सॅमची प्रत एकत्र ठेवा. मात्र तुमच्या निविदेत छापलेलं कलम शब्द न् शब्द वाचा, कारण यंदा नियमावलीची फेरमांडणी चालू आहे आणि खात्यांनी आपापले बदल केलेत. निविदेची मुदत शटडाऊनमुळे वाढेल, या भरवशावरही राहू नका. कधी वाढते, कधी नाही.

दुसरा रस्ताही उघडा ठेवा. मोठ्या कंपनीच्या हाताखाली उपकंत्राटदार म्हणून काम घ्यायचं तर पूर्ण नोंदणी लागत नाही, यूईआय क्रमांक (सॅमवर मिळणारा कंपनीचा ओळख क्रमांक) पुरतो. तो एकदा मिळाला की संपत नाही. तुमच्याकडे आहेच.

---

हिशेबनीस

पैशांचं सांगते, कारण लहान कंपन्या यातच अडकतात.

पूर्ण झालेल्या कामाचं बिल योग्य रीतीने सादर केल्यावर सरकारने साधारण ३० दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर व्याज द्यावं लागतं. खात्याकडे तात्पुरता निधी नव्हता ही सबब व्याज टाळायला चालत नाही, कायद्यात तसं स्पष्ट आहे. पण सॅममधली तुमची बँकेची माहिती चुकीची असेल तर ते संरक्षण जातं. आणि अंतिम रक्कम मिळेपर्यंत नोंदणी चालू ठेवणं ही कंत्राटातलीच अट असते. म्हणून सावनी, हे नूतनीकरण नव्या कामापुरतं नाही, जुन्या कामाच्या पैशांसाठीही तितकंच गरजेचं आहे. माहिती भरताना बँकेचा खाते क्रमांक दोघांनी मिळून वाचा, एकाने मोठ्याने आणि दुसऱ्याने चेकवर बोट ठेवून.

चालू कामाबद्दल: तुमचं कंत्राट ठरलेल्या किमतीचं आहे का, आणि त्याला मागच्या वर्षीचा निधी पूर्ण बांधलेला (म्हणजे त्याच कामासाठी राखून ठेवलेला) आहे का, ते आधी बघा. दोन्ही 'हो' असेल आणि थांबवायचा आदेश नसेल, तर हातात असलेल्या स्कॅनचं काम चालू ठेवायला हवं. निधी थोडा-थोडा मिळणारं कंत्राट असेल तर मिळालेल्या रकमेपलीकडे एक तासही काम करू नका. 'करून टाकू, नंतर देतील' असं कुणी तोंडी म्हटलं तरी नाही. सरकारला फुकट सेवा घ्यायलाही कायद्याने बंदी आहे.

बंद इमारतीमुळे वाया जाणारा वेळ वेगळ्या कोडखाली रोज लिहून ठेवा: कोण, किती तास, कोणती खोकी मिळाली नाहीत. अधिकारी रजेवर असल्या तरी त्यांना ईमेल करून कळवा. त्यांच्या पेटीत तारीख पडते. पुढे थांबवायचा आदेश आलाच तर तो संपल्यापासून ३० दिवसांच्या आत भरपाईचा हक्क सांगावा लागतो, त्या वेळी हीच नोंद लागेल.

---

सह्याद्री_ते_सेनेका

दोन सूचना.

या दिवसांत 'तुमची सॅम नोंदणी बंद पडतेय, इतके डॉलर भरा, आम्ही करून देतो' असे ईमेल आणि फोन येतात. सॅमची नोंदणी पूर्णपणे मोफत आहे. पत्त्याच्या शेवटी 'डॉट गव्ह' किंवा 'डॉट मिल' नसेल तर उत्तर देऊ नका.

पण याचीच दुसरी बाजू: डीएलएचा खरा ईमेल तुमच्या नोंदीतल्या संपर्क व्यक्तीला येतो आणि तो बऱ्याचदा स्पॅममध्ये पडतो. उत्तर नाही गेलं तर नोंदणी परत पाठवतात. संपर्क म्हणून कुणाचं नाव आहे ते तपासा. सोडून गेलेल्या माणसाचं असेल तर सगळंच बसलं.

ॲपेक्स ॲक्सेलरेटर नावाची केंद्रं आहेत, पूर्वी पीटॅक म्हणायचे. मोफत मदत करतात, मेरीलँडमध्येही आहे. फोन करून बघा.

---

विदर्भ_वऱ्हाडी

थोडं अवांतर. आमच्या कंपनीतल्या एका मुलाच्या एच-१बीची मुदतवाढ अडकली आहे. कामगार खातं एलसीए (एच-१बीसाठी मालकाने आधी मंजूर करून घ्यायचा अर्ज) घेतच नाही, आणि त्याशिवाय अर्ज करता येत नाही. कुणाला काही मार्ग माहीत आहे का?

---

कृष्णाकाठ

विदर्भ, यावर स्वतंत्र धागा काढा, खूप जणांना उपयोग होईल. तोवर वकिलाकडून बाकीचे सगळे कागद तयार करून ठेवा, म्हणजे खातं उघडलं की त्याच दिवशी एलसीए टाकता येईल.

---

सावनी_मेरीलँड | २४ ऑक्टोबर २०२५

सगळ्यांचे मनापासून आभार. पोस्टाच्या संकेतस्थळावर 'एसटीई २०४'च निघालं. राज्याच्या नोंदीत तसाच पत्ता करून घेतला, दाखल झालेली प्रत तिकिटाला जोडली, विजेचं बिल काढलं. काल पडताळणी झाली आणि आज सकाळी पूर्ण अर्ज सबमिट केला. दहा कामाचे दिवस धरले तरी ७ नोव्हेंबर उजाडतो, म्हणजे एखाद्या दिवसाचा खंड पडेल असं धरूनच चाललोय. प्रस्ताव ३ तारखेला पाठवायचं नक्की केलंय, नवरा रात्री तेच लिहीत बसलेला असतो. संपर्क व्यक्ती म्हणून आता आम्हा दोघांचीही नावं आहेत.

कंत्राट ठरलेल्या किमतीचं आहे आणि निधी पूर्ण बांधलेला आहे, त्यामुळे चारही जण कामावर आहेत. हातातले स्कॅन जेमतेम मध्य-नोव्हेंबरपर्यंत पुरतील.

हिशेबनीस ताई, एक शेवटचं विचारते. आमचं बिल दर महिन्याला, पूर्ण केलेल्या वह्यांच्या संख्येवर असतं. ऑक्टोबरचं बिल आता कुणी मंजूर करणारच नाही, तर सरकार उघडल्यावर पाठवू का?

---

हिशेबनीस

नको, ३१ तारखेलाच आयपीपीवर (सरकारला बिलं सादर करायच्या संकेतस्थळावर) टाका. जेवढ्या वह्या पूर्ण झाल्या तेवढ्यांचंच, आणि सोबत त्यांची यादी जोडा. बिल आधीच आत गेलं तर मंजूर करणारं माणूस परत आलं की रांगेत तुम्ही पुढे असाल. शिवाय ३१ तारखेला तुमची नोंदणीही चालू असेल. पगारासाठी हात आखडत असेल तर बँकेशी आत्ताच बोला, सोबत कंत्राटाची आणि आयपीपीच्या पावतीची प्रत न्या.