शब्दचर्चा : पर्यावरण, निसर्ग, प्रकृती... आणि मधला ‘आणि’

गोरेगावकर :
आमच्या वसाहतीच्या गणेशोत्सवात यंदा एक व्याख्यान आहे. विषय ‘माणूस आणि पर्यावरण : तत्त्वज्ञ काय म्हणतात?’ समितीतल्या एका काकांचं म्हणणं, ‘पर्यावरण’ हा सरकारी शब्द आहे, ‘निसर्ग’ लिहा. त्यावर एक ताई म्हणाल्या, ‘निसर्ग’ लिहिलं तर लोकांना माथेरानची सहल वाटेल. तिसऱ्याने ‘प्रकृती’ सुचवला, तर सगळे म्हणाले की मग डॉक्टरला बोलवा. या तिन्हींत नेमका फरक काय? फ्लेक्सवाला परवा येतोय.

शब्दवेडी :
काका अगदीच चुकलेले नाहीत. परि + आवरण, म्हणजे चहूबाजूंनी वेढणारं. वेढा म्हटला की मध्ये कुणीतरी बसलेलं हवं, आणि तो मान आपण न मागता स्वतःकडे घेतलाय. 1986च्या पर्यावरण संरक्षण कायद्यातली व्याख्या बघा. त्यात पाणी, हवा, जमीन येतात आणि त्यांचे माणसांशी, इतर जिवांशी, वनस्पतींशी, सूक्ष्मजीवांशी असलेले संबंधही येतात. यादीच्या शेवटी काय, तर मालमत्ता! सूक्ष्मजीवांच्या शेजारी सातबारा.

‘निसर्ग’चा मूळ अर्थ स्वभाव, उपजत गुण. ‘निसर्गतः’, ‘नैसर्गिक मृत्यू’, ‘नैसर्गिक न्याय’ यांत तो अजून शिल्लक आहे. पण नुसता ‘निसर्ग’ म्हटलं की आता डोंगर, धबधबा, पाऊस. जे आपल्या आत होतं ते आपण बाहेर नेऊन ठेवलं आणि शनिवार-रविवारी बघायला जातो.

‘प्रकृती’चं मराठीत उलट झालं. हिंदीत ती बाहेर आहे, आपल्याकडे आत. लोकलमध्ये कुणी फोनवर ‘बाबांची प्रकृती ढासळलीये’ म्हणालं, तर शेजारच्या हिंदी भाषिकाला क्षणभर दरड कोसळल्यासारखं वाटत असेल.

पार्लेकर :
प्रकृतीवर हसू नका, तत्त्वज्ञान म्हणाल तर तोच शब्द सगळ्यांत वजनदार आहे. सांख्य या प्राचीन भारतीय दर्शनात नुसते डोंगर-नद्याच प्रकृतीत नाहीत. तुमचं मन, अहंकार, बुद्धीसुद्धा तिचीच निर्मिती. पुरुष, म्हणजे शुद्ध चैतन्य, वेगळा, पण तो फक्त साक्षी, काही करत नाही. आता फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त घ्या. तो रेघ दुसरीकडे मारतो, विचार करणारं मन एका बाजूला आणि देहासकट उरलेलं सगळं जग दुसऱ्या बाजूला, यंत्रासारखं. 1637च्या ग्रंथात तो लिहितो की या ज्ञानाने आपण निसर्गाचे जणू स्वामी आणि मालक होऊ. त्यातला ‘जणू’ बहुतेक लोक उद्धृत करताना गाळतात. सांख्यांच्या हिशेबाने असा मालकीचा बेत आखणारी बुद्धीच मुळात प्रकृतीची.

मात्र यावरून ‘आपले पूर्वज पर्यावरणवादी होते’ असं भाषण कुणी ठोकू नये. सांख्यांना प्रकृती वाचवायची नव्हती, तिच्यातून सुटायचं होतं.

देहूची वाट :
एवढं सगळं झालं आणि ‘सोयरे’ कुणी काढलाच नाही? ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरे वनचरें’ शाळेच्या भिंतीवर इतक्या वेळा रंगवलंय की त्यातल्या शब्दाकडे आपलं लक्षच जात नाही. तुकोबा ‘सगे’ म्हणत नाहीत. सगे रक्ताचे, ते जन्माने मिळतात. सोयरे सोयरिकीने होतात, म्हणजे दोन वेगळी घरं असतात आणि नातं जोडावं लागतं. मग देणंघेणं आलं, मानपान आला, रुसवेफुगवे आले. सोयऱ्याच्या घरात आपण पाहुणे असतो, तिथली भांडी उचलून आणत नाही.

नॉर्वेच्या आर्ने नेस या तत्त्वज्ञाने 1973 साली ‘उथळ’ आणि ‘सखोल’ पर्यावरणविचार असा भेद मांडला. स्पिनोझा आणि गांधी हे दोघेही त्याच्या विचारामागे होते. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की आपला ‘मी’ इतका रुंदावावा की नदीचं नुकसान ते माझंच नुकसान वाटेल. म्हणजे नेस झाडांना सगे करायला निघालाय. मला तुकोबांचा शब्द जास्त भरवशाचा वाटतो. झाड म्हणजे मीच, असं एकदा ठरलं की झाडाच्या वतीने मीच बोलणार, आणि झाडाला काय हवं तेही मीच ठरवणार.

शब्दवेडी :
सोयरे-सगे भेद आजच्या मराठीत पक्का आहे, पण जुन्या मराठीत ‘सोयरा’ नुसत्या आप्तासाठी, जिवलगासाठीही येतो. तुकोबांनी सोयरिकीचा हिशेब करून शब्द निवडला असेल, असं छातीठोक सांगू नका. वाचन मात्र आवडलं.

खाडीकाठ :
आमच्या कोळीवाड्यात ‘पर्यावरण’ हा शब्द तोंडी नसतो, तो सुनावणीच्या नोटिशीत येतो. आमचा दर्या. तो उधाणाला वेगळा, भांगाला वेगळा. नारळी पुनवेला त्याला नारळ देतात तो काय ‘परिसंस्थेला’ देतात का? तिवरांचंच बघा. आमची ‘तिवरं’, पुस्तकात ‘खारफुटी’, सरकारी पाटीवर ‘कांदळवन’. पाटी लागली ती बरी, तोड थांबायला मदत झाली. पण ज्या चिखलात माझी आत्या हात घालून निवट्या आणि चिंबोऱ्या काढायची, तिथे आता तिलाच विचारतात, आत कशाला आलात?

पार्लेकर :
हाच मुद्दा इतिहासकार रामचंद्र गुहांनी 1989मध्ये ‘सखोल’वाल्यांपुढे मांडला होता. माणूस वजा केलेलं रान वाचवायचं, ही कल्पना अमेरिकेसारख्या मोकळ्या, श्रीमंत देशातली. ती भारतात जशीच्या तशी आणली की त्या रानावर जगणाऱ्या गरिबांची हकालपट्टी होते.

कुर्ला पश्चिम :
मी एक जोडशब्द टाकतो, अस्मानी-सुलतानी. आभाळातून आलेलं संकट अस्मानी, राज्यकर्त्यांनी आणलेलं सुलतानी. माणूस आणि निसर्ग यांच्यातली सीमारेषा मराठीने दोन शब्दांत आखून ठेवली होती. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तो अस्मानी. पण मिठीचं पात्र भराव टाकून आवळलेलं, काठ बांधकामांनी गच्च, ते कोणत्या खात्यात? आमच्याकडे लोक तिला नालाच म्हणायचे. ती नदी आहे, विहार-पवईचं पाणी माहीमच्या खाडीला नेते, हे अनेकांना कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून कळलं. आता तर पाऊसही पूर्ण अस्मानी राहिलेला नाही, हवा आपणच तापवलीये. हा जोडशब्द सुटा वापरायची सोय संपली.

(जाता जाता : 2020च्या जूनमध्ये रायगडला झोडपून गेलेल्या चक्रीवादळाचं नाव ‘निसर्ग’ होतं. बांगलादेशाने सुचवलेलं. माथेरानच्या सहलीवाल्या ताईंना सांगा.)

गोरेगावकर :
धन्यवाद मंडळी. तुमचं वाचून मला खटकायला लागलाय तो ‘आणि’. ‘माणूस आणि निसर्ग’ म्हटलं की दोघं वेगळे, हे व्याख्यानाआधीच ठरलं. म्हणून समितीपुढे ‘निसर्गातला माणूस’ ठेवलं. काकांची लगेच हरकत, लोकांना वाटेल आरेतल्या पाड्यांवर व्याख्यान आहे! म्हणजे पाड्यावरचे निसर्गातले आणि आम्ही पंधराव्या मजल्यावरचे कुठले? वाद पेटलाय. आरेचं नाव निघाल्यावर आणखी एक, ते जंगल की नाही?

शब्दवेडी :
कायद्यापुरतं सांगायचं तर गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 12 डिसेंबर 1996ला म्हटलंय की ‘वन’ हा शब्द कोशातल्या अर्थाने घ्यावा. कोशकारांचा एवढा मान क्वचितच झाला असेल. तरी आरेला वन ठरवा म्हणणारी याचिका उच्च न्यायालयाने 4 ऑक्टोबर 2019ला फेटाळली. त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं पडायला लागली, आणि 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली तोवर दोन हजारांवर पडली होती.

‘जंगल’ मात्र जपून वापरा. संस्कृतात ‘जाङ्गल’ म्हणजे कोरडा, विरळ झाडीचा मुलूख. आयुर्वेदात त्याच्या उलट ‘आनूप’, पाणथळ, दाट झाडीचा, आणि राहत्या मुलखाचे गुण माणसाच्या देहात उतरतात असं ते शास्त्र मानतं. त्या हिशेबाने सगळी मुंबई आनूप, आरे तर नक्कीच. काकांना म्हणावं, पंधराव्या मजल्यावर गुडघे दुखले तरी वैद्य आधी मुलूखच विचारतो.

गोरेगावकर :
काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, ‘प्रकृती’च छापा.